जर्नलातली कोरी पानं

अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते मी, एकोणीस वर्षं झाली, आणि पोराचं काहीतरी बिनसलंय हे मला सगळ्यात आधी दिसतं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलात. म्हणजे आता दिसतं. आधी समोर असून दिसायचं नाही, तेच सांगते.

एक मुलगा होता. जून-जुलैत त्याच्या आकृत्या अशा की कांद्याच्या सालीच्या पेशींचं त्याचं पान मी दुसऱ्या बॅचला दाखवायला नेलं होतं, टोकदार पेन्सिलीची एकसारखी रेघ, नावं सगळी उजव्या बाजूला एकाखाली एक. दिवाळीनंतर आकृत्या पेननं यायला लागल्या. मग नुसतं हेडिंग आणि तारीख. डिसेंबरात पानं कोरी. आणि मी काय केलं, तर लाल पेननं 'अपूर्ण' लिहून सही केली, एकदा नाही चारदा. त्याच दिवसांत तो दर सोमवारी पोट दुखतंय म्हणून दुसऱ्या तासाला घरी जायला मागायचा, मी म्हणाले ओवा खा, बाहेरचं अरबट-चरबट खात असशील. फेब्रुवारीत त्याचा मामा आला कॉलेजात, म्हणाला मॅडम तो तीन महिने रात्री नीट झोपलेलाच नाहीये, डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. तो पुढे बरा झाला, एक वर्ष ड्रॉप घेऊन परीक्षा दिली, आता नोकरीला आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना जीव टांगणीला नको. पण माझ्या त्या चार सह्या त्या जर्नलात अजून असतील.

त्यानंतर मी जरा वाचायला लागले, दोन-तीन ट्रेनिंगं केली, सायकियाट्रिस्टना भंडावून सोडलं. मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा, पण रोज शंभर-सव्वाशे पोरं बघणारी बाई आहे, आणि हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठीच, म्हणजे आई-बाबा, मामा-मावशी, क्लासचे सर, होस्टेलच्या काकू, अशांसाठी.

पालकसभेत एक ठरलेलं वाक्य असतं, 'मॅडम, हे वयच तसलं असतं ना.' खरंय ते. या वयात मेंदूतला भावनांचा भाग आधी जोर धरतो आणि त्याला ब्रेक लावणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात त्याला, तो पंचविशीच्या आसपास पक्का होतो, म्हणजे गाडी सुसाट आणि ब्रेक अजून गॅरेजमध्ये. झोप आणणारं मेलाटोनिनसुद्धा या वयात रात्री उशिरा सुटायला लागतं, त्यामुळे अकरा वाजले तरी झोप येत नाही हा माजोरडेपणा नसतो, शरीरच तसं असतं, त्यात झोप लागते आठ ते दहा तास आणि आपण पोरांना सकाळी साडेसहाला फिजिक्सच्या क्लासला हाकलतो. तेव्हा थोडी चिडचिड, थोडा आरशासमोरचा वेळ, दार लावून बसणं, आईला उलट बोलणं, ह्याला आजार म्हणायचं कारण नाही.

गोची अशी आहे की मनाचे आजार सुरू व्हायचं वयही नेमकं हेच. जगभरातले १९२ अभ्यास एकत्र करून काढलेला एक मोठा निष्कर्ष आहे, त्यात हे आजार सुरू होण्याचं सगळ्यात जास्त प्रमाण साडेचौदा वर्षांच्या, म्हणजे नववी-दहावीच्या, आसपास निघालं, आणि जवळपास निम्मे, ४८.४ टक्के, अठराच्या आतच सुरू झालेले. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्सने, म्हणजे मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत, आपलं महाराष्ट्र त्यात नव्हतं, पण गुजरात-मध्य प्रदेश होते, तर १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना तेव्हा कुठलातरी मानसिक आजार होता. मोठ्या शहरांत तर १३.५ टक्के. माझ्या ऐंशीच्या वर्गाला ७.३ चा हिशोब लावला तर सहा पोरं होतात. मी दरवर्षी त्या सहांना शिकवलंय आणि त्यातली एक-दोनच मला ओळखू आली असतील, बाकीच्यांना मी आळशी, लाडावलेला, 'लक्ष नाही हिचं' असं काहीतरी म्हणून सोडून दिलं असणार.

मग वय कुठलं आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, पोराची तुलना शेजारच्या पोराशी करायची नाही, त्याची तुलना त्याच्याशीच करायची. अबोल मुलगा अबोलच असेल तर तो त्याचा स्वभावच आहे, पण बडबडी मुलगी गप्प झाली, रोज संध्याकाळी ग्राउंडवर जाणारा पोरगा महिनाभर गेला नाही, आईने केलेल्या पुरणपोळीला 'नको' म्हणणारी ही कोण आलीय घरात, असं वाटायला लागलं, की तिथे थांबून बघायचं. आपण आजार शोधायला जातो आणि तो आपल्याला ओळखता येत नाही, कारण ते आपलं शिक्षणच नाही. बदल मात्र घरच्याइतका कोणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही, कारण डॉक्टरने आधीचं पोर बघितलेलंच नसतं.

मग किती दिवस चाललंय ते. डिप्रेशनसाठी डॉक्टर मंडळी किमान दोन आठवडे धरतात, त्यातले बहुतेक दिवस आणि दिवसातला बहुतेक वेळ. मॅच हरली, ब्रेकअप झालं, टेस्टमध्ये आपटलो, तर चार दिवस तोंड पाडून बसणं हे माणसाचंच लक्षण. आणि किती ठिकाणी दिसतंय तेही बघा. फक्त मॅथ्सच्या तासाला कुरकुर असेल तर ते त्याचं आणि मॅथ्सच्या सरांचं काहीतरी असेल, पण घरी तेच, क्लासला तेच, मावसबहिणीच्या लग्नातही कोपऱ्यात मोबाईल धरून आणि मोबाईलमध्येही काही बघत नाहीये, नुसता हातात आहे, तर ते सगळीकडे पसरलंय. आणि शेवटचं म्हणजे काय काय बंद पडलं. झोप, जेवण, आंघोळ, अभ्यास, मित्र. यातलं रोजचं काहीतरी बंद पडलं असेल तर 'मनावर घेऊ नको' असं म्हणून ते सुरू होत नाही.

हे सगळं लक्षात राहत नाही, आणि रोज बघणाऱ्याला तर बदल कळतच नाही, केस वाढलेले कसे रोज दिसत नाहीत तसं. म्हणून मी एक फालतू वाटणारी युक्ती सांगते. स्वयंपाकघरात कॅलेंडर लटकवलेलं असतं ना, ज्यावर आपण दुधाचे खाडे लिहितो, त्याच चौकोनात एक बारीक ठिपका द्यायचा. रात्री झोपली नाही, ठिपका. जेवली नाही, ठिपका. पोराला कळायचंही कारण नाही. महिन्याने बघा, चार ठिपके आहेत की बावीस.

आता वेषांतरं. कारण हे आजार येताना 'मी डिप्रेशन' असा बिल्ला लावून येत नाहीत.

मोठ्या माणसाचं डिप्रेशन म्हटलं की डोळ्यासमोर रडणारा उदास चेहरा येतो. पोरांमध्ये बऱ्याचदा रडणं नसतंच, राग असतो. डॉक्टरांच्या निकषांतही हे वेगळं लिहिलेलं आहे, की मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत उदासीऐवजी नुसता चिडका मूडसुद्धा धरायचा. एक बाबा आले होते माझ्याकडे, म्हणाले, 'मॅडम, डिप्रेशन कसलं हो, ताट फेकतो तो. डिप्रेशनवाल्याला एवढी ताकद असते का?' असते. मुलग्यांच्या बाबतीत तर हे फारच होतं, कारण मुलग्याने रडायचं नाही हे आपणच त्याला तिसरीपासून शिकवलंय, मग राहिलं काय, तर दार आपटणं.

दुसरं म्हणजे अंग. पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, छातीत धडधड, परीक्षेच्या आधी सारखं बाथरूमला जाणं. ती दुखणी खोटी नसतात, खरंच दुखत असतं, पोट आणि मेंदू यांचं एकमेकांशी जुनं सख्य आहे. ओळखायचं कसं, तर वेळापत्रकावरून. रविवारी संध्याकाळी सुरू होतं, सोमवारी सकाळी टोकाला जातं आणि मे महिन्यात गायब होतं, असं पोटाचं दुखणं सोनोग्राफीत सापडत नाही. सोनोग्राफी करू नका असं नाही म्हणत मी. उलट शरीराच्या तपासण्या आधी कराव्यातच, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय निघालाय, आणि रक्त कमी असलं की थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं, सगळं तेच दिसतं. मनोविकारतज्ज्ञसुद्धा पहिल्या भेटीत या टेस्ट सांगतात. फक्त सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की 'बघ, काही नाहीये तुला, नाटकं आहेत' असं म्हणायचं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखण्याचं कारण त्या रिपोर्टात नाही, एवढंच कळलं.

तिसरं मला स्वतःला फार उशिरा कळलं. ओसीडी. मराठीत जुना शब्द आहे 'मंत्रचळ', किती नेमका शब्द आहे बघा, पण आपण तो थट्टेत घालवला. एका मुलीची आजी मला कौतुकाने सांगत होती, आमची नात फार सोवळ्याची हो, शाळेतून आली की अर्धा तास हात धुते, देवाला हात लावायच्या आधी परत धुते, दप्तर बाहेरच ठेवते. घरात सगळे खूश. मुलीच्या बोटांची कातडी सोललेली होती, आणि एक पेपर तिने अर्धाच लिहिला होता कारण प्रत्येक उत्तर तीन-तीनदा खोडून लिहीत बसली. सोवळं पाळणाऱ्याला ते पाळून बरं वाटतं. मंत्रचळ लागलेल्याला ते केल्याशिवाय सुटका नसते, त्याला कळत असतं की हे अती होतंय, तरी थांबवता येत नाही, आणि ते लपवण्यात त्याचा निम्मा दिवस जातो. धुणं हाच प्रकार असतो असंही नाही, कुलूप परत परत बघणं, मोजणं, मनात घाणेरडे किंवा भीतीदायक विचार घुसणं आणि ते घालवायला मनातल्या मनात काहीतरी म्हणत बसणं, हे तर बाहेरून दिसतही नाही.

हुशार मुलांचं वेगळंच. ९४ टक्केवाली मुलगी कोणाच्या यादीत नसते. तिच्याबद्दल पालकसभेत दोन मिनिटं बोलतात आणि पुढे जातात. ती रात्री दोनपर्यंत जागते ते अभ्यास जास्त आहे म्हणून की झोपायची भीती वाटते म्हणून, हे कोणी विचारत नाही. लातूरला नीटच्या तयारीला आलेली, पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीला बसलेली, ही तर घरापासून लांब, खोलीत चारजण, आणि घरी फोन केला की 'हो आई, जेवले, चाललंय मस्त' हे पाठ केलेलं. अशा पोरांना 'अभ्यास कसा चाललाय' सोडून दुसरं काहीतरी विचारा. मेसला आज भाजी कुठली होती, हे विचारा. तीन दिवस मेसला गेलीच नसेल तर तिथे गाडी अडखळते.

उलट बाजूला मागच्या बाकावरचे. नववीपर्यंत ढकलत आणलेला, वाचताना अक्षरं उलटसुलट होणारा, सगळ्यांनी 'ढ' ठरवलेला मुलगा दहावीत उदास होतो तेव्हा मूळ दुखणं डिसलेक्सियाचं असू शकतं. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सर्टिफिकेटवर जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, पण त्यासाठी ते वेळेत ओळखलं पाहिजे. तेच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं आणि अती चंचलपणा. त्यातून मुलींमधला तर हमखास नजरेतून सुटतो, कारण ती वर्गात धिंगाणा घालत नाही, खिडकीबाहेर बघत बसते.

आता जरा जड गोष्ट. पोरगं कोणी नसताना बोलायला लागलं, आपल्याबद्दल टीव्हीवर काहीतरी सांगतायत म्हणालं, घरच्यांवर संशय, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून जेवायचं नाही, खिडक्या लावून बसायचं. याला सायकोसिस म्हणतात, स्किझोफ्रेनियाची सुरुवात अशी होऊ शकते, आणि ती साधारण सतरा-अठरापासून पंचविशी-तिशीपर्यंत होते. आपल्याकडे इथे पहिला शब्द येतो 'बाहेरचं'. मग लिंबू, अंगारा, अमक्या गावचा देवऋषी, तमक्या ठिकाणची पौर्णिमा, असं करत वर्ष-दीड वर्ष जातं. तुमच्या श्रद्धेला मी काही म्हणत नाही, अंगारा लावायचा तर लावा, पण त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे पण न्या, कारण या आजारात उपचाराविना जितका काळ जातो तितकं पुढचं सुधारणं अवघड होत जातं. गांजा ओढत असेल तर तोही विचारून घ्या, न ओरडता, कारण कोवळ्या वयातला गांजा हा धोका वाढवतो. आणि एक, चार-चार दिवस दोन तास झोपून पोरगा एकदम ताजातवाना, भराभर बोलतोय, मोठमोठे बेत, उधारीवर खरेदी, 'मला कोणाची गरज नाही', हे बघून घरचे म्हणतात चला, आला एकदाचा उत्साह. हा बायपोलरमधला, म्हणजे मूड कधी खूप चढतो आणि कधी खूप पडतो त्या आजारातला, चढ असू शकतो. आधी डिप्रेशनसाठी औषध चालू असेल तर हा चढ डॉक्टरला त्याच दिवशी कळवा, कारण त्यावर औषध बदलावं लागतं.

आता डिप्रेशन चाचपायचा तो फॉर्म, ज्याचे फोटो सगळीकडे फिरतात. पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कशात मन लागत नाही का, झोप, थकवा, भूक, आपण वाया गेलो असं वाटणं, असे. प्रत्येकाला चारच उत्तरं, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, आणि त्याचे मार्क शून्य ते तीन. बेरीज सत्तावीसपैकी. दहा किंवा वर आली तर तज्ज्ञाला दाखवा असा साधारण संकेत. किशोरांसाठी त्याचंच थोडं बदललेलं रूप आहे. सततच्या काळजी-भीतीसाठी, म्हणजे अँक्झायटीसाठी, जीएडी-७ आहे, त्यात सात प्रश्न. त्याहून लहान मुलांचं आई-बाबांनी किंवा शिक्षकांनी भरायचं पंचवीस वाक्यांचं एसडीक्यू म्हणून आहे, १९९७ चं, रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी केलेलं.

ट्रेनिंगमध्ये आम्हा शिक्षकांनाच आधी पीएचक्यू-९ भरायला लावला होता. पहिल्या चार प्रश्नांना हसाहशी चालली होती, 'थकवा? रोजच की हो, पेपर तपासतोय', असलं. आठव्यापर्यंत सगळे गप्प. नवव्या प्रश्नात विचारलेलं असतं की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. माझ्या शेजारचे सर, आडदांड माणूस, पेन टेकवून थांबले, खूप वेळ. मग त्यांनी कुठला चौकोन भरला ते मी बघितलं नाही. माझी बेरीज सात आली, म्हणजे सौम्य. त्या दिवशी मला कळलं की हा फॉर्म मार्क काढायला नसतोच मुळी, तो कोणीतरी विचारतंय ह्यासाठी असतो. आणि नवव्याला शून्य सोडून काहीही असेल तर बाकीची बेरीज दोन का असेना, त्याच दिवशी त्या माणसाशी नीट बोलायचं, हे ट्रेनिंग घेणाऱ्या बाईंनी आम्हाला तीनदा बजावलं.

पण या फॉर्मला निदान समजू नका. थर्मामीटर लावलं, १०२ आला, म्हणून ते डेंग्यू की टायफॉईड हे थर्मामीटर सांगत नाही, तसंच. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला फॉर्म वाटला तर निम्मा वर्ग डिप्रेशनचा निघेल. शिवाय पोरं हुशार असतात, आई शेजारी उभी असेल तर सगळे शून्य भरतात.

तेव्हा शेवटी विचारावंच लागतं, तोंडाने. आणि आपलं विचारणं कसलं असतं? दारात उभं राहून, हात कमरेवर, 'काय झालंय तुला? सगळं तर देतोय आम्ही!' याला पोर 'काही नाही' याशिवाय काय उत्तर देणार. गाडीवर मागे बसलेलं असताना, भाजी निवडताना, रात्री कुत्र्याला फिरवताना विचारा, म्हणजे डोळ्याला डोळा नको. जे दिसलं तेवढंच म्हणा. 'बाळा, गेले पंधरा-वीस दिवस तुझा दिवा रात्री तीनपर्यंत चालू असतो. झोप येत नाहीये का?' आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, माझं मलाही नाही, शिक्षकाला तीन सेकंद शांतता झाली की वाटतं मुलांना उत्तर येत नाही, चला सांगून टाकू. दहापर्यंत मोजते मी मनात.

दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला होता, गोव्याच्या 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी केलेला. वर्गात जाऊन एक तास घ्यायचा, मनाचा त्रास म्हणजे काय, शाळेत समुपदेशक कुठे बसतात, कसं भेटायचं, बस. ज्या वर्गांत हा तास झाला तिथून मदत मागणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढली, आणि त्यातली बहुतेक स्वतःहून आली, कोणी पाठवली म्हणून नाही. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आपण इतकी वर्षं दुर्बीण लावून पोरं शोधत बसलो, आणि त्यांना नुसतं दार कुठंय ते सांगायचं होतं. आता जुलैत पहिल्या आठवड्यात मी पाच मिनिटं तेच सांगते, पेशीविभाजनाच्या आधी.

एक वचन मात्र कधी देऊ नका, 'मी कोणालाच सांगणार नाही' हे. त्याऐवजी म्हणते मी, 'तुझं इकडचं तिकडे होणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी एक-दोन माणसांना सांगेन, आणि आधी तुला सांगून सांगेन.' घरातच कोणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, तर पोरांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, आणि ते ऐकून घेणाऱ्याने गप्प बसायला कायद्याने बंदी आहे.

आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती सगळ्यांना असते, मलाही होती. तसं होत नाही, यावर बरेच अभ्यास झालेत. उलट विचारल्यावर पोरांचे खांदे खाली येतात. सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का कधी?' कारण २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, नोंद आहे आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. 'मी नसले की तुमचं टेन्शन जाईल', 'आता थोडेच दिवस' असलं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, खूप दिवसांच्या तळमळीनंतर एकदम शांत होणं, मे महिन्याच्या उन्हात फुल बाह्यांचा शर्ट आणि बाही वर करायला सांगितली की चिडणं, यातलं काही दिसलं तर त्या पोराला एकटं सोडायचं नाही आणि शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध, बाकी घरांत गोळ्यांचा डबा, कुलपात. जीव द्यायच्या तीव्र इच्छेचा हा काळ बऱ्याचदा थोडा असतो, मध्ये एक कुलूप आलं तरी तो टळतो. पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न नेणारे लोक अजून भेटतात म्हणून सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलंय.

नेऊ कुठे, हा पुढचा प्रश्न. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारांचं शिकलेला डॉक्टर, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट आणि थेरपी करतात, औषध देत नाहीत. काउन्सेलर हा शब्द मात्र आपल्याकडे कोणीही लावतो, करिअरवालाही आणि वास्तुवालाही, तेव्हा शिक्षण काय ते विचारायला लाजू नका. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. सरकारी दवाखान्यांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक असतात, तिथल्या ताईंना विचारा. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हटली की लोक दचकतात, पण तिथेही रोजची ओपीडी असते आणि बहुतेक लोक दाखवून, गोळ्या घेऊन दुपारच्या एसटीने घरी येतात. आणि रात्री दोन वाजता काही सुचेनासं झालं तर १४४१६, टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा स्वतःच फोन करून बघितला, पोरांना नंबर द्यायच्या आधी लागतो तरी का बघू म्हणून. लागला.

औषधांबद्दल फार अफवा आहेत. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची सवय दारूसारखी लागत नाही, पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवावं लागतं कारण काहींची बेचैनी त्यात वाढते. बरं वाटलं की लगेच बंद केल्या की आजार परत येतो, म्हणून बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. आणि हलक्या त्रासात पुष्कळदा गोळीही लागत नाही, थेरपी, झोप, रोजचं एक-दोन बंद पडलेलं काम परत सुरू करणं यावर भागतं.

मागच्या वर्षी एका मुलीच्या आईबरोबर मी सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत गेले होते, आईला एकटीला जायची भीती वाटत होती म्हणून. बाकावर दीड तास. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, हे किती दिवसांपासून आहे. नेहमी याला उत्तर येतं, 'झाले की बरेच दिवस.' या बाईंनी पिशवीतून कॅलेंडरची दोन फाडलेली पानं काढली, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, हळदीचा डाग पडलेली, आणि टेबलावर पसरली. डॉक्टर जरा वेळ नुसतं बघत राहिले. 'या फुल्या कसल्या?'

'ते दुधाचे खाडे,' बाई म्हणाल्या, 'तिचे ठिपके आहेत. हे निळे, झोपेचे. लाल जेवणाचे.'

त्यांनी पेन उलटं धरून ठिपके मोजले. नोव्हेंबरात निळे एकोणीस होते.